स्पायडरमॅन कपाशीच्या वावरात: पर्यायी विश्वाचं कॉमिक रचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी तुम्ही चौघं मिळून आठ पानांचं झेरॉक्स कॉमिक काढताय. स्पायडरमॅन यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आणलाय. त्याला धोतर-बंडी नेसवली, मागे कपाशी काढली, संवाद वऱ्हाडीत लिहिले, तीन पानं मारामारीला दिली. तरी वाचणारा प्रत्येक जण म्हणतो, 'हे तं फॅन्सी ड्रेस वाटते.' चूक कुठे झाली, आणि पुढे सुपरमॅन-बॅटमॅन आणायचे तर काय करायचं?

शेरा बरोबर आहे. धोतर आधी काढाच. आज गावातलं अठरा वर्षांचं पोरगं जीन्स घालून वावरात जातं, धोतर उरलंय ते आजोबांपुरतं. पण खरी अडचण धोतराखाली आहे. तुम्ही वेश बदलला, कारण मात्र न्यूयॉर्कचंच ठेवलं. तुमच्या कथेत कोळी चावतो तो प्रयोगशाळेत, चोर पळतो तो तिजोरी फोडून, आणि नायक झोके घेतो ते कशाला लटकून, हे चित्रातही दिसत नाही. गावाचा पडदा मागे टांगला आहे, पण गोष्ट गावामुळे घडत नाही. पडदा काढून मुंबईचा लावला तरी एकही संवाद बदलावा लागणार नाही, ही फॅन्सी ड्रेसची खूण.

ओळखीच्या नायकाला वेगळ्या जगात ठेवायच्या, म्हणजे पर्यायी विश्वाच्या, या प्रकाराचा पाया फार साधा आहे. १९६१ मध्ये 'फ्लॅश'च्या एका अंकात दोन पृथ्वी आणि दोन फ्लॅश आले, १९७७ मध्ये मार्व्हलने 'असं झालं असतं तर?' याच सूत्रावर मालिका काढली, १९८९ मध्ये बॅटमॅन व्हिक्टोरियन काळात गेला. पण शिकण्यासाठी सगळ्यात उपयोगी १९९८ ची 'जेएलए: द नेल'. त्यात सुपरमॅनला वाढवणाऱ्या केंट जोडप्याच्या गाडीच्या चाकात खिळा घुसतो, टायर पंक्चर होतो, आणि ते बाळाच्या यानापर्यंत पोचतच नाहीत. बदल एवढाच. सुपरमॅन नसलेलं सगळं जग त्या एका खिळ्यातून निघतं. २००३ च्या 'रेड सन'मध्येही बाळ तेच, शक्ती त्याच. फक्त यान अमेरिकेतल्या कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर उतरतं. म्हणून पहिलं काम हे: वहीच्या पहिल्या पानावर तुमचा खिळा एका वाक्यात लिहा. वाक्यात 'आणि' आला तर दोन खिळे झाले, एक काढा.

दुसरं काम पाडकामाचं. कुडाच्या घराचं उदाहरण घ्या. कुड उपटून नवा लावता येतो, कवेलू बदलता येतात, पण मधला खांब आणि आडं काढलं की घर बसतं. प्रत्येक नायकाचे खांब आणि कुड वेगळे लिहून काढा. स्पायडरमॅनचे खांब माझ्या हिशेबाने पाच: अडनिड्या वयात अपघाताने मिळालेली ताकद, तिचा पहिला वापर स्वतःच्या फायद्यासाठी, एक बारीकसं 'मला काय त्याचं', त्यातूनच घरातल्या माणसाचं झालेलं, परत न भरून येणारं नुकसान, आणि कायमची पैशाची ओढाताण. बाकी सगळा कुड. न्यूयॉर्क, लाल-निळा रंग, फोटोग्राफरची नोकरी, किरणोत्सर्गी कोळीसुद्धा. १९६२ मध्ये स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तेव्हा लोकांना अणूची धास्ती होती म्हणून कोळी किरणोत्सर्गी होता. २००० च्या 'अल्टिमेट' मालिकेत तो प्रयोगातलं औषध टोचलेला झाला. म्हणजे कोळी त्या-त्या काळाच्या भीतीप्रमाणे बदलत गेला, 'मला काय त्याचं' मात्र तसंच राहिलं.

'मग आमच्या गावची भीती फवारणी, कोळ्यावर फवारा उडाला असं दाखवू का?' असा विचार लगेच मनात येईल. तो टाळा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले. ज्या विषाने शेजारच्या घरचा माणूस गेला त्याच विषाने आपल्या हिरोला ताकद दिली, हे त्या घरातल्या पोराने वाचायचं आहे. अंक त्याच गावात वाटला जाणार, हे विसरू नका. शेतकऱ्याच्या आत्महत्येचंही तसंच. आठ पानांत ती केवळ नायकाला कामाला लावायचं बटण होऊन बसते. विषय वर्ज्य नाही, पण त्याला चाळीस चौकटी पुरत नाहीत.

कोळी धुऱ्यावरचा, म्हणजे वावराच्या बांधावरचा, साधा असू द्या. कपाशीतले कोळी किडी खातात आणि फवारणीत तेच आधी मरतात, हे कास्तकाराला माहीत असतं. त्यामुळे नायकाच्या काकांनी न फवारलेल्या धुऱ्यावर कोळी उरलेत, हे एका चौकटीत आपोआप कळतं. चावण्याला दोन चौकटी, त्याहून जास्त नाही. ताकद कशी आली यात वाचकाला फार रस नसतो.

इथे २००४ च्या 'स्पायडरमॅन: इंडिया'कडे बघण्यासारखं आहे. त्यातला पवित्र प्रभाकर गावातून मुंबईला आलेला आहे, धोतर नेसतो, आणि त्याला शक्ती देतो एक योगी. त्यातला भीम काकांचा प्रसंग चांगला जमलाय: गुंड एका बाईला त्रास देत असताना पवित्र काणाडोळा करून निघून जातो आणि काका मध्ये पडून मरतात. चूक आणि शिक्षा यांत अंतर नाही. पण योग्याने शक्ती दिली की ती नेमणूक होते, अपघात राहत नाही. नेमलेल्या माणसाला 'मीच का?' हा प्रश्न पडला तरी त्याला उत्तर आधीच मिळालेलं असतं. पहिला खांब तिथे हलला, असं माझं मत आहे. तुम्ही साधू, देवीचा अंगारा, जुनं मंदिर यांच्या वाटेला जाऊ नका. भारत म्हटला की साधू हा बाहेरच्याने ठरवलेला भारत आहे.

आता तुमचीच गोष्ट खांब न हलवता उभी करून बघू. पोरगं आयटीआयला, आईबाप नाहीत, काका-काकूंकडे राहतं. काकांची पाच एकर कोरडवाहू, बैलजोडी एक. ताकद आल्यावर पोरगं काय करेल? १९६२ च्या मूळ कथेत पीटर, म्हणजे मूळचा स्पायडरमॅन, कुस्तीच्या फडात पैसे जिंकतो, मग टीव्हीवर जातो. इथे कबड्डीचे रात्रीचे सामने आहेत, रोख बक्षीस आहे. जिंकलेल्या पैशातून तो मोबाइल घेतो. त्या रात्री शेवटच्या एसटीने परतताना स्टँडवर एक माणूस पोत्यातून बियाण्याची पाकिटं गाडीत टाकताना दिसतो. चोर बीटी (परवानगी नसलेलं बीटी बियाणं) सुद्धा नाही, नुसती रंगवलेली बोगस सरकी. पोराला कळतं. माणूस म्हणतो, 'पाहून काय राह्यला बे?' पोरगं म्हणतं, 'मले काय कराचं हाय!' आणि नव्या मोबाइलमध्ये डोकं घालून घरी जातं.

मृग लागतो. काका उधारीवर एकराला दोन पाकिटं या हिशेबाने दहा पाकिटं आणतात. पाऊस बरा पडतो, पेरणी होते. आठ दिवसांत तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, हिरवं दिसायला हवं, दिसत नाही. दुबार पेरणी. तिला पैसा कुठून? पोळ्याच्या आधी बैलजोडी विकली जाते. मूळ कथेसारखे काका मरायलाच हवेत असं नाही. नुकसान परत न येणारं हवं, एवढीच अट. पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावाचे बैल तोरणाखाली उभे आहेत आणि या घरचा गोठा रिकामा, काकूच्या हातात पुरणपोळीचं ताट तसंच. ही चौकट विदर्भातल्या कोणत्याही वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. दिवाळीच्या आत काका पुण्याला वॉचमन म्हणून निघून जातात आणि भिंतीवरच्या खिळ्याला त्यांचा फवारणीचा पंप लटकलेला राहतो.

तो पंप टाकू नका. पीटरने जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवलं होतं. आयटीआयचं पोरगं ते कशाचं बनवेल? पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाचं. टाकी, दांडा, नोझल, पट्टे सगळं घरात आहे. शिवाय तुमचा आकृतीचा प्रश्न इथे फुकटात सुटतो. नायक काळ्या सावलीतही ओळखू आला पाहिजे हा जुना नियम आहे. गाडगेबाबांचं चित्र कुणीही काढो, डोक्यावर पालथं गाडगं आणि हातात खराटा दिसला की चेहरा काढायची गरज उरत नाही. पाठीवर पंपाचा चौकोनी फुगवटा आणि हातात लांब दांडा, ही आकृती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही स्पायडरमॅनची नाही. एक लक्षात ठेवा: भरलेला पंप वीस किलोच्या घरात जातो. काढताना कंबर पुढे झुकलेली, पट्टे खांद्यात रुतलेले दाखवा. रिकाम्या पंपाने सरळ उभा राहतो. जाळं संपत आलं हे मग शब्दांशिवाय कळतं.

उंचीचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, पण चित्रांत सगळ्यात जास्त फसलेला तोच आहे. स्पायडरमॅनला इमारती लागतात. गावात विजेचा सिमेंटचा खांब साधारण आठ मीटरचा, त्यातला सव्वा-दीड मीटर जमिनीत. उरलेल्या साडेसहा मीटरवरून झोका घेतला तर पाय पऱ्हाट्यांना (कपाशीच्या झाडांना) घासतात, आणि दुसरा खांब पन्नास-साठ मीटरवर. वर ११ केव्हीची लाइन. एका झोक्यात खेळ खलास. पाण्याची टाकी आणि मोबाइल टॉवर उंच आहेत, पण गावात एक-एकच. म्हणून वर जाणं सोडा आणि खाली जा. गावाची खरी खोल जागा विहीर. चाळीस-पन्नास फूट, खाली काळा पत्थर, वरच्या बांधकामाचे चिरे निखळलेले. पडलेलं रानडुक्कर, बिबट, मोटर काढायला उतरलेला माणूस, विहिरीत काय नाही! भिंतीला चिकटणाऱ्याला याहून चांगली जागा नाही. न्यूयॉर्कच्या कॉमिकमधली उभी अरुंद चौकट तशीच वापरा, फक्त नजर उलटी करा: तळातून वर बघणारी, वर रुपयाएवढं आभाळ, त्या आभाळात पंप लावलेली आकृती. एक अख्खं पान त्याला द्या. तीन पानांच्या मारामारीपेक्षा ते एक पान लोकांच्या लक्षात राहील.

आणि मुखवटा. शहरात मुखवटा चालतो कारण लाखो लोकांत कोण कुणाला ओळखतो? हजार-बाराशे वस्तीच्या गावात तोंड झाकलं तरी चालीवरून, खोकल्यावरून, चपलेच्या फटफट आवाजावरून ओळखतात. माणसं चुकली तरी कुत्री चुकत नाहीत. अनोळखी मुखवट्यावर भुंकायच्या ऐवजी ती शेपूट हलवत मागे येतील. या अडचणीवरून उडी मारू नका, तिच्यातच गंमत आहे. वाटा तीन. पहिली, नायक आपल्या गावात काही करतच नाही. एसटीने तीस किलोमीटर जाऊन करतो, आणि शेवटची गाडी चुकली की अडकतो. दुसरी, नायक असा माणूस करायचा ज्याच्याकडे कुणी बघत नाही: ढोरकी, हंगामी मजूर, कंत्राटी वायरमन. तिसरी, सगळ्या गावाला माहीत आहे आणि सगळं गाव गप्प आहे. पोलीस येऊन विचारतो तेव्हा पारावरचे सात जण सात वेगळ्या दिशांना हात दाखवतात. मला तिसरी सगळ्यात सकस वाटते, पण तिच्यात गाव एकजीव दाखवावं लागतं आणि कुठलंही गाव तसं नसतं. गप्प न बसणारा एक जण आत ठेवा.

शिवाय मुखवट्याला ऋतू असतो, ही सोय न्यूयॉर्कला नाही. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की विदर्भात सगळेच तोंडाला दुपट्टा बांधून फिरतात; डोळे तेवढे उघडे. त्या दोन महिन्यांत मुखवटा घातलेला नायक बाजारात हिंडला तरी कुणी वळून बघत नाही. पावसाळ्यात पोत्याची खोळ डोक्यावर येते. फवारणीच्या दिवसांत नाका-तोंडाला फडकं. थंडीत मफलर-कानटोपी. म्हणजे पोशाख एकच ठेवायची गरज नाही. पंप आणि दांडा कायम, तोंडावरचं कापड हंगामाप्रमाणे. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेव्हा कुणीच तोंड झाकत नाही, तेव्हा त्याला पकडू शकतात. खलनायकाला हे कळलं की तुमचं सातवं पान तयार.

खलनायक सावकार नको. मिशीवाला, सोन्याची साखळीवाला सावकार बघून वाचक पान उलटतो. मूळचा ग्रीन गॉब्लिन नायकाच्या जिवलग मित्राचा बाप आहे. हा खांब फार कामाचा. इथे मित्राचा बाप कृषी केंद्रवाला. उधारी तोच देतो, अडचणीत तोच मदत करतो, आणि बोगस पाकिटं त्याच्याच दुकानातून गेली. त्यालाही वरून फसवलंय की त्याला माहीत होतं, हे शेवटच्या पानापर्यंत लांबवा. त्याचं सोंग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीवरून घ्या. बांबूच्या कामट्या आणि कागदाची ही मोठी बाहुली, मारबत, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत रोगराई गावाबाहेर नेते. तोच चेहरा लावून कुणी पीडा गावात आणत असेल, तर उलटापालट विदर्भाच्या वाचकाला तिथल्या तिथे लागते. कागदाचा आहे हे विसरू नका: पावसात भिजतो, ठिणगीने पेटतो. मारामारी त्यावरच संपवा, पाच चौकटींत.

'मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी' हे वाक्य घालू का, असंही तुम्ही विचारलंय. नको. गंमत म्हणजे १९६२ च्या पहिल्या कथेत ते काकांच्या तोंडी नाहीच, शेवटच्या चौकटीत निवेदनाच्या पट्टीत आहे. तुमच्याकडे 'मले काय कराचं हाय' आहे. दुसऱ्या पानावर पोराच्या तोंडी, आणि पुढे एकदाच, पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या तोंडी, पोरगं शेजारी उभं असताना. तिसऱ्यांदा नको.

सुपरमॅनबद्दल. त्याचं यान उतरवायला सगळ्यांना आधी लोणारचं विवरच सुचतं, तुम्हालाही सुचलंय. ते विवर फार पुरातन आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, काळ्या दगडात खोदलेलं. तेवढा खड्डा पाडणाऱ्या आघातात आसपासचं काहीच वाचत नाही, मग दुपट्यातलं बाळ कसं वाचेल? यान वावरात उतरू द्या, पऱ्हाटीच्या चार ओळींचं नुकसान करून. खरी कथा त्यानंतरची आहे. कॅन्ससमध्ये जोडप्याने बाळ घरी नेलं आणि वाढवलं. इथे पहिला प्रश्न येतो, 'कोणाचं पोर हाय?' आणि त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. जन्माची नोंद, शाळेच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना, पुढे जातीचा दाखला. पोलादी माणूस, पण तहसीलच्या खिडकीशी त्याच्या वडिलांचा जुना पुरावा मागतात. हा भाग विनोदी लिहिता येतो आणि विनोदी लिहिला तरच जास्त बोचतो.

शक्तीचा हिशेबही कागदावर मांडा. पाच एकर कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर पंचवीस क्विंटल, म्हणजे २५०० किलो कापूस. चांगल्या फुटीत एक बाई दिवसाला चाळीस किलो वेचते असं धरा. साठ-बासष्ट दिवसांची मजुरी झाली. सुपरमॅन हे सगळं चहा उकळेपर्यंत वेचतो. काकांचे पैसे वाचले, आणि ज्या आठ बायका आठवडाभर त्या वावरात आल्या असत्या त्यांच्या चुली? त्याने चांगलंच केलं आणि त्यातूनच वाईट झालं. 'रेड सन'चा कणाही हाच आहे: मदत करायची हौस असलेला बलवान माणूस हळूहळू सगळ्यांच्या वतीने ठरवू लागतो. भाव पडला तर तो कुणाला ठोसा मारणार? ठोशाने न सुटणारी गोष्ट आठ पानांत एकतरी ठेवा, पण एकच. सगळ्याच तशा ठेवल्या तर वाचक म्हणेल, मग सुपरमॅन आणला कशाला.

बॅटमॅनला थोडक्यात. त्याचा एक खांब पैसा. तो काढता येतो. २०२४ च्या 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'मध्ये काढलाय, पण तिथे त्याजागी अवाढव्य शरीर आणि इंजिनिअरची अक्कल बसवली. खांब काढलात तर टेकू द्या. पैसा ठेवायचा असेल तर वाडा लागेल, आणि इथे एक ठरलेली चूक होते: यवतमाळात मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारा गावमालक. मालगुजारी पूर्व विदर्भातली, भंडारा-चंद्रपूरकडची, ती १९५० च्या कायद्याने गेली. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. तिथे देशमुखाची पडकी गढी घ्या. गुहेऐवजी गढीतलं ज्वारीचं जुनं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. पण पोरगं बंद पेवात पडलेलं दाखवू नका. बंद पेवात कर्बवायू साचतो, उतरणारा गुदमरतो, हे म्हाताऱ्यांना पक्कं माहीत आहे. तोंड ढासळलेलं, वारा खेळणारं पेव दाखवा, तिथेच वटवाघळं राहतात. आणि रात्री गावात फिरायला त्याला निमित्त हवं? कृषिपंपाची रात्रपाळीची वीज. बॅटरी घेऊन रात्री दोनला वावरात जाणाऱ्या माणसाला कुणी हटकत नाही.

भाषेचं एक ठरवून टाका. निवेदनाच्या पट्ट्या प्रमाण मराठीत, फुगे वऱ्हाडीत. एका कागदावर वीस शब्दांची यादी करून चौघांनी तीच पाळायची: मले, तुले, काऊन, कायले, पाह्यलं, जवय, डोया, काया. 'जवळ' एका पानावर आणि 'जवय' दुसऱ्यावर झालं की बोली नाटकी वाटते. काकू आणि आयटीआयचं पोरगं सारखं बोलत नाहीत. पोराच्या बोलण्यात हिंदी आणि इंग्रजी शब्द जास्त येऊ द्या. कृषी केंद्रवाला गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी आणि साहेबाशी प्रमाण बोलतो, त्यावरूनच तो कळतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची बोली यात मिसळू नका, ती वेगळी आहे.

फुग्यांत तुमचा मजकूर कोंबला गेलाय. इंग्रजी कॉमिकची अक्षरं सगळी एका उंचीची मोठी अक्षरं असतात, म्हणून ओळी जवळजवळ बसतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या पाऊणपट तरी मोकळं सोडावं लागतं. नियम असा: आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा, मग उरलेल्या जागेत माणूस. उलट केलं की वेलांट्या फुग्याच्या रेषेला चिकटतात. एका फुग्यात पंधरा शब्द, एका चौकटीत दोन फुगे, त्यावर नाही. जो आधी बोलतो तो डावीकडे आणि वर.

चित्रं ए-फोर कागदावर काढा आणि झेरॉक्सवर ७१ टक्के लहान करून ए-फाइव्ह करा. चार मिलिमीटरचं अक्षर मग साधारण २.८ मिलिमीटरचं होतं. त्याहून लहान लिहिलं तर आजोबा वाचणार नाहीत. चारही बाजूंनी पंधरा मिलिमीटर समास सोडा, यंत्र कडेपर्यंत छापत नाही. पेन्सिलवर जेल पेन फिरवलात आणि लगेच खोडरबर चालवलात म्हणून तुमच्या रेषा राखाडी आल्यात. पाण्याने न फुटणारी काळी शाई वापरा आणि अर्धा तास वाळू द्या. मोठे काळे भाग झेरॉक्समध्ये पट्टेपट्टे येतात. विहिरीचं पान आणि रात्रीचं आभाळ सपाट काळं न करता आडव्या-तिरप्या रेषांनी भरा, रेषांमध्ये निदान एक मिलिमीटर अंतर ठेवून, नाहीतर लहान केल्यावर त्या एक होतात.

आठ पानांचा हिशेब पाच चौकटींनी चाळीसचा आहे, विहिरीचं पान एकाच चौकटीचं धरलं तर छत्तीस. पहिलं पान कबड्डी आणि कोळी, दुसरं एसटी स्टँड, तिसरं पेरणी आणि न उगवलेली तासं, चौथं बैल विकणं, पाचवं पोळा आणि पंप, सहावं विहीर, सातवं मारबत, आठवं कृषी केंद्र. उघडलं की चौथं-पाचवं समोरासमोर येतात, म्हणून बैलांचं जाणं आणि रिकामा गोठा एका नजरेत दिसेल. काका पुण्याला जातात तो प्रसंग पाचव्याच्या शेवटच्या चौकटीत, नुसता एसटीच्या मागच्या काचेतून. मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, म्हणून सातवं पान पुढच्या वर्षीच्या पोळ्याचं करा किंवा ते सोंग कृषी केंद्रवाल्याने घरात जपून ठेवलंय असं दाखवा. उकाड्यात पकडला जाण्याचा धागा घेणार असाल तर दुसरंच बरं.

विकण्याबद्दल विचारलंत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी वापर आणि समीक्षा यांना सवलत आहे, नक्कल-विनोदाला म्हणून वेगळी सवलत लिहिलेली नाही. शिवाय नाव आणि चिन्ह हे ट्रेडमार्क. दहा रुपये किंमत लावली तरी ती विक्रीच. अमेरिकेत १९३८ चा सुपरमॅनसुद्धा २०३४ च्या जानेवारीत मोकळा होईल, आणि तोही फक्त त्या पहिल्या रूपातला. पण वर सांगितलेले बदल केल्यावर तुमच्याकडे उसनं काय उरतं? नाव, आणि छातीवरचा कोळी. पंपवाल्याला गावानेच एखादं नाव पाडू द्या, छातीवर काहीच काढू नका, आणि अंक खुशाल विका.

जुळणीत चूक होतेच, म्हणून हे लिहून भिंतीला लावा. दोन ए-फोर कागद, आडवे. पहिल्या कागदाच्या एका बाजूला डावीकडे पान ८ आणि उजवीकडे १. त्याच्याच मागे डावीकडे २, उजवीकडे ७. दुसऱ्या कागदावर ६ आणि ३. मागे ४ आणि ५. आधी एकच प्रत काढा, घडी घालून पानं उलटून बघा, मगच शंभर काढायला सांगा. पिना दोन, घडीवर, वरून-खालून पाच-पाच सेंटीमीटरवर. साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा अंक उघडा करून थर्मोकोलवर पालथा ठेवा, बाहेरून पिना ठोका आणि आतली टोकं बोथट सुरीने वाकवा.